ताओच्या नोंदीमागे आष्टीपर्यंत

वर्ध्याला लोक आश्रम बघायला जातात. मी गेले ती एका चिनी म्हाताऱ्यापायी, आणि हा म्हातारा खरोखर होऊन गेला की नाही याचीच तज्ज्ञांना खात्री नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. पुण्यात एका ज्ञानकोशाच्या कचेरीत मी साहाय्यक संपादक होते. चीन-जपानकडचे विषय माझ्याकडे होते, कारण ते दुसऱ्या कुणाला नको होते. 'त'चा खंड छापखान्यात गेला होता. त्यातली 'ताओ मत' ही नोंद मी तीन महिने खपून लिहिली होती आणि रीतीप्रमाणे बाहेरच्या जाणकाराकडे तपासायला धाडली होती. हे जाणकार म्हणजे वर्ध्याचे ढोले सर. तरुणपणी कलकत्त्याला जाऊन चिनी शिकलेले, पुढे निवृत्तीपर्यंत तिथेच ती भाषा शिकवत राहिलेले, आणि आता आपल्या गावाकडे परतलेले. आमची भेट कधी झालेली नव्हती.

पंधरा दिवसांनी त्यांचं कार्ड आलं. त्यावर दोनच वाक्यं होती. 'ताओवरील नोंद वाचली. आहे तशी छापू नये.' खाली सही.

मुख्य संपादकांनी ते कार्ड माझ्या टेबलावर ठेवलं. आधीच्याच खंडात माझ्या हातून एक जपानी चित्रकार त्याच्या मुलाच्या जन्माच्या चार वर्षं आधी वारला होता आणि शुद्धिपत्र छापावं लागलं होतं. संपादकांनी आवाज चढवला नाही. त्यांनी तो चढवला असता तर बरं वाटलं असतं.

"शुक्रवारी फर्मा मशीनवर चढतो," ते म्हणाले. "तोवर ढोल्यांचा होकार आला तर ठीक. नाहीतर ताओ गाळून सरळ 'ताक' घ्या. मग तुमच्या कामाबद्दलही आपण एकदा बोलू."

नोंदीत चूक काय होती ते मला कळत नव्हतं, आणि भीती त्याचीच होती. चूक माहीत असती तर निदान तिच्याकडे बघता आलं असतं. पत्राला पत्र पाठवायला वेळ नव्हता. सोमवारी संध्याकाळी मी गाडीत बसले.

मंगळवार, पिपरी मेघे

वर्धा शहराला लागून पिपरी मेघे आहे. तेव्हा तिथे नवी घरं उठत होती. एक घर, तीन मोकळे प्लॉट, पुन्हा एक घर, मधे बाभळी आणि विटांचे ढीग. ढोले सरांच्या घराला रंग लागायचा होता. दार त्यांच्या सुनेनं, सुनंदानं उघडलं.

"सर त नाई ना घरी," ती म्हणाली. "वडनेरले गेले, आत्याबाईकडे. कापसाची वेचनी लागली न."

माझा चेहरा बघून तिनं माझ्या हातातली बॅग काढूनच घेतली. "अवो बाई, बसा आधी. आज काही बस भेटत नाई तुमाले. उद्या सकाळच्या गाडीनं जाजो."

पुण्यात अनोळखी बाई दारात आली तर आपण आधी काम विचारतो, मग पाणी. इथे पाणी झालं, चहा झाला, गोरसपाक नावाची कडक बिस्किटं झाली, आंघोळीचं पाणी तापलं, आणि तरी मी कोण हे कुणी विचारलं नव्हतं. जेवायला वांग्याची भाजी आणि ज्वारीची भाकर होती. सुनंदा म्हणाली, "वरून सांबार टाकू का?"

मी घाबरून म्हटलं, "नको नको, वांग्यावर सांबार मला जाणार नाही."

ती चकित. तिचा नवराही चकित. मग तिनं आतून मूठभर हिरवीगार कोथिंबीर आणून दाखवली. तिकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. मी भाजीवर चांगली दोनदा घालून घेतली आणि पुण्याहून निघाल्यापासून पहिल्यांदा हसले.

जेवणानंतर सुनंदा अंगणात तांदूळ निवडत बसली. तिनं विचारलं, "मामाजी ज्याचं एवढं वाचते, थो म्हातारा कोन होता वो?" सासऱ्यांना ती मामाजी म्हणे.

मी माझी नोंद तिला गोष्टीसारखी सांगितली. अडीच हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये एका राजाच्या दप्तरखान्यात एक माणूस कागदपत्रं सांभाळत असे. त्याचं नाव कुणाला नीट ठाऊक नाही. ज्या नावानं तो ओळखला जातो त्याचा अर्थच मुळी 'म्हातारा गुरू'. दरबार सडत चालला, लढाया थांबेनात, तेव्हा तो रेड्यावर बसून पश्चिमेकडे निघाला. राज्याच्या शेवटच्या खिंडीत नाक्यावरच्या अधिकाऱ्यानं त्याला अडवलं आणि म्हणाला, तुम्ही आता परत दिसणार नाही, जे जाणता ते लिहून ठेवून जा. म्हाताऱ्यानं तिथेच बसून पाच हजार अक्षरांचं लहानसं पुस्तक लिहिलं, ते त्याच्या हातात दिलं आणि पलीकडे निघून गेला. पुढे त्याचं काय झालं ते कुणी सांगत नाही.

सुनंदा निवडायची थांबली. "म्हंजे नाक्यावाल्यानं अडवलं म्हनून पुस्तक झालं?"

"तसंच म्हणायचं."

"आमच्या मामाजीले काऊन नाई कोनी अडवत?" ती म्हणाली. "सारं डोक्यात आहे त्यायच्या. कागदावर चार ओळी येत नाई."

त्या चार ओळींतल्या दोन माझ्या पर्समध्ये होत्या.

बुधवार, वडनेर

हिंगणघाटपासून पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना पांढरं पडलं होतं. आमच्याकडे पांढरं शेत म्हणजे कुणी काहीतरी वाळत घातलंय असंच वाटेल. कापसाच्या बैलगाड्या एकामागून एक जिनिंगकडे चालल्या होत्या. गाडीवर कापूस इतका उंच भरलेला की वरचा माणूस ढगात बसल्यासारखा दिसे.

वडनेरला यमुनाबाईंचं घर विचारत गेले. ढोले सरांची ही धाकटी बहीण. साठीच्या, काटक, नऊवारी वर खोचलेली. त्या शेतात निघाल्याच होत्या.

"दादा काल सकाळीच आष्टीले गेला," त्या म्हणाल्या. "लहान्या भावाचा संत्र्याचा बगीचा आहे तिथी. झाडायले पानी ओलाचं होतं."

आष्टी जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. मी वडनेरला आले ते दक्षिणेकडे, आष्टी उत्तरेला. तिकडची सकाळची गाडी निघून गेली होती, त्या दिवशी पोचणं शक्य नव्हतं. मी ओट्यावर बसले आणि मला रडू आलं. लाज वाटली, पण आलं.

यमुनाबाईंनी समजूत घातली नाही. त्या म्हणाल्या, "इथी बसून का करान? चाला वावरात."

आदल्या दिवशीच त्यांची वेचणी सुरू झाली होती. पहिल्या दिवशी पराटीला, म्हणजे कापसाच्या झाडाला, दहीभात वाहतात. त्याला सीतादही म्हणतात. ढोले सर त्यासाठीच आले होते. वाहिलेल्या दहीभाताची शितं अजून बुंध्याशी होती आणि त्यांवर मुंग्यांची रांग लागली होती. यमुनाबाईंनी माझ्या कमरेला एक जुनं लुगडं ओटीसारखं बांधलं आणि मला एका ओळीला लावून दिलं.

मी बोंडं ओढत सुटले. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. पाच मिनिटांत बोटं रक्ताळली आणि ओटीत कापसापेक्षा कचराच जास्त झाला. यमुनाबाई शेजारच्या ओळीतून दोन्ही हातांनी वेचत पुढे गेल्या. गप्पा मारत होत्या, मधेच पान लावत होत्या, आणि ओटी भरत होती.

"ओढू नोका न बाई," त्या वळून म्हणाल्या. "जे फुटलं थे हाती येते. जे नाई फुटलं थे ओढलं त बोंडबी जाते अन् बोटबी. त्याले उद्या पाहू."

मी तिथेच उभी राहिले. ताओ मताचा जो गाभा समजला जातो, त्या 'वू-वेइ'ला मी नोंदीत 'निष्क्रियता' असा शब्द दिला होता. इंग्रजी पुस्तकांत तसंच होतं. पण ही बाई तर सकाळपासून वाकलेली होती, तिच्यापुढे माझीच क्रिया उणी होती. तिच्या कामात ओढाताण तेवढी नव्हती. कापसाचा कल बघायचा, आणि त्या कलानं हात चालवायचा.

बांधावर जेवताना मी त्यांना ते सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, चीनमधले ते लोक म्हणत, सगळ्या जगाच्या मागे एक वाट आहे, तिला ते ताओ म्हणतात. तिचं वर्णन करता येत नाही. नदी, झाडं, ऋतू तिच्या वळणानं आपोआप चालतात. माणूस तेवढा मधे हात घालून ओढतो, म्हणून दुःखी होतो.

यमुनाबाईंनी जवसाच्या चटणीवर तेल घातलं आणि माझ्याकडे सरकवलं. "खरं आहे," त्या म्हणाल्या. मग जरा विचार करून, "पन वेचाले त जावंच लागते न?"

गुरुवार, आष्टी

आष्टीला पोचले तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. बाजाराचा दिवस होता. मिरच्यांचे ढीग, गुळाच्या भेल्या, बैलांच्या गळ्यातली घुंगरं, आणि सगळ्यावर संत्र्याच्या सालीचा वास. बेचाळीसच्या लढ्यात प्राण दिलेल्यांचं स्मारक याच गावात आहे. त्याच्यापुढे दोन मिनिटं उभी राहिले, मग बगीच्याची वाट विचारून निघाले.

संत्र्याचा बगीचा मी त्याआधी पाहिला नव्हता. झाडं माणसाहून थोडीशीच उंच, आणि फळांनी इतकी लगडलेली की फांद्यांना बांबूचे टेकू दिले होते. आत कुठेतरी इंजिनाचा ठकठक आवाज होता. झाडांमधून पाणी वाहत होतं आणि त्याच्या कडेला एक उंच म्हातारा, धोतर गुडघ्यापर्यंत, जाड भिंगांचा चष्मा, फावड्यानं माती इकडची तिकडे करत होता.

"ढोले सर?" मी हाक मारली आणि सरळ त्यांच्याकडे चालत गेले. मधे नुकतंच भिजवलेलं एका झाडाचं आळं होतं. काळ्या मातीनं माझा पाय नडगीपर्यंत आत घेतला. मी ओढला तर दुसराही गेला.

"चप्पल सोडून द्या," सर शांतपणे म्हणाले. "पाय येईल."

चप्पल नवी होती, प्रवासासाठी घेतलेली. मी ती सोडली. पाय आला. अनवाणी, चिखलानं माखलेली मी त्यांच्यासमोर उभी राहिले, आणि काहीतरी विद्वत्तेचं बोलावं म्हणून म्हणाले, "सर, ताओ मतात पाण्याचा दाखला नेहमी—"

"पाण्याचा दाखला सगळेच देतात," ते म्हणाले. "आधी या कोरड्यावर. कोण तुम्ही?"

मी नाव सांगितलं. कचेरीचं नाव सांगितलं. पर्समधून कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं. ते त्यांनी डोळ्यांजवळ नेऊन वाचलं.

"हे पहिलं," ते म्हणाले. "दुसरं मिळालं असेल न?"

"दुसरं कुठलं?"

"दुसऱ्याच दिवशी टाकलं. पहिलं घाईत लिहिलं होतं, थोडं तिखट झालं होतं." एवढं म्हणून ते थांबले. मग फावडं तिथेच टाकून झोपडीकडे चालू लागले, आणि मी त्यांच्यामागे. झोपडीत बाजेवर त्यांची पिशवी होती. तिच्यातून त्यांनी एक इंग्रजी नियतकालिक काढलं. ते उघडलं, आणि खूण म्हणून घातलेलं पोस्टकार्ड खाली पडलं. माझ्या कचेरीचा पत्ता, त्यांचं अक्षर. पोस्टाचा शिक्का नव्हता.

मी ते उचलून वाचलं. 'काल लिहिलेले कार्ड कठोर वाटेल. नोंद चांगली आहे, मराठीत याहून बरी मी पाहिलेली नाही. तीन दुरुस्त्या कराव्यात, मग बेलाशक छापावी. मुद्दाम येण्याचे कारण नाही.'

शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं. मग बाजेवर बसले. मला हसू आलं, आणि ते थांबेना. सर आधी ओशाळले, मग तेही हसू लागले.

"सर," मी डोळे पुसत म्हटलं, "कार्ड न टाकणं, यालाच वू-वेइ म्हणायचं का?"

"नाही, बाई," ते म्हणाले. "याला निष्क्रियता म्हणायचं. तुम्ही नोंदीत दिलेला शब्द. तीच तुमची पहिली दुरुस्ती."

मी यमुनाबाईंचं शेत सांगितलं. 'ओढाताणीविना कृती' असं लिहू का, म्हणून विचारलं. सरांनी चष्मा काढून पुसला. "यमुनेनं सांगितलं?" एवढंच विचारलं. मग म्हणाले, "तीस वर्षं मी पोरांना तो शब्द फळ्यावर लिहून समजावत होतो. तेच लिहा."

उरलेल्या दोन दुरुस्त्या त्यांनी संत्री सोलता सोलता सांगितल्या. माझ्या नोंदीत म्हाताऱ्या गुरूचं जन्मसाल होतं, गाव होतं, हुद्दा होता, सगळं ठाम. "तुम्ही त्याच्या बारशाला होता?" सरांनी विचारलं. ज्यानं त्याचं चरित्र पहिल्यांदा लिहिलं तो इतिहासकार चारेकशे वर्षांनंतरचा, आणि तोही गोंधळून दोन-तीन वेगवेगळ्या माणसांची नावं देतो. कुणी म्हणतं एक माणूस, कुणी म्हणतं पिढ्यान्‌पिढ्यांची वचनं गोळा होऊन पुस्तक झालं. त्याच्या नावानं देवळं उठली, मंत्रतंत्र आले, अमर होण्याची रसायनं आली, ते सगळं शेकडो वर्षांनंतरचं. "ते तुम्ही वेगळं काढलंत, छान केलंत. फक्त चरित्राच्या आधी 'असे म्हणतात' लिहा. दोन शब्द. माणूस खोटा पडत नाही आणि आपणही पडत नाही."

मला तो जपानी चित्रकार आठवला. मी त्यांना तेही सांगून टाकलं. सर म्हणाले, "माझ्या पहिल्या लेखात मी नदी उलटी वाहवली होती. पूर्वेकडून पश्चिमेला. कुणी पत्रही लिहिलं नाही, म्हणजे कुणी वाचलाच नसावा."

तिसरी गोष्ट त्या नियतकालिकात होती. काही वर्षांपूर्वी चीनमध्ये एका जुन्या थडग्यात रेशमावर लिहिलेल्या त्या पुस्तकाच्या दोन प्रती सापडल्या होत्या, तोवर ठाऊक असलेल्या सगळ्या प्रतींहून कितीतरी जुन्या. त्यांत पुस्तकाचे दोन भाग उलटे होते: वाटेचा भाग नंतर, आणि त्या वाटेनं चालणाऱ्याच्या अंगी येणाऱ्या गुणाचा भाग आधी. सर ते सांगताना एखाद्या नातेवाइकाची खबर द्यावी तसे उजळले. बासष्टच्या लढाईनंतर त्यांच्या वर्गात कुणी येईना, उलट चौकशीला मात्र माणसं येत, हे त्यांनी ओघातच सांगितलं. आष्टीच्या या बगीच्यात बसून ते एकटेच ही बातमी वाचत राहिले होते. नोंदीनं मला घाबरवलं खरं, पण ती वाचून या माणसाला कुणीतरी बोलायला भेटलं होतं, हे मला तेव्हा उमगलं.

साडेचारला मी बगीच्यात आलेल्या त्यांच्या भावजयीच्या चपला घालून पोस्टात पळाले. तारेचा मजकूर लिहून दिला: 'ताओ ढोले संमत. निष्क्रियता ऐवजी ओढाताणीविना कृती. चरित्राआधी असे म्हणतात. शेवटी जोडा रेशमी प्रती थडग्यात सापडल्या.'

पोस्टमास्तरांनी तो एकदा वाचला, चष्मा काढून पुन्हा वाचला.

"बाई, हे का होय? ताओ कोन आहे? अन् थडगं कोनाचं?"

"चीनमधलं एक मत आहे," मी म्हटलं, आणि जीभ चावली.

"चीनचं?" ते उठून उभेच राहिले.

ढोले सरांचं नाव सांगितलं तेव्हा ते जरा निवळले, पण तार हातातच होती. मग मी त्यांना थोडक्यात सांगितलं. ताओ म्हणजे वाट. अंधार-उजेड, बाई-पुरुष, थंडी-ऊन ही त्या लोकांच्या मते शत्रू नव्हेत, एकाच चाकाचे अर्धे-अर्धे भाग, एक चढला की दुसरा उतरतो. मोठेपणाचा हव्यास सोडावा, साधं राहावं, कमी बोलावं, आणि गोष्टी ज्या वळणानं जातात ते वळण ओळखावं. एवढंच.

"वाट," पोस्टमास्तर म्हणाले. "मंग तारेत वाट लिवा न. ताओ काऊन लिवता?"

"साहेबांना वाटेल मी वाट चुकले."

त्यावर ते मोठ्यांदा हसले आणि तारयंत्रावर कडकट्ट सुरू केलं.

शुक्रवार, आष्टी

सकाळपासून मी पोस्टाच्या पायरीवर बसून होते. होकार पोचला का, वेळेत पोचला का, फर्मा चढला का, की 'ताक' छापलं गेलं. समोर एक बैल उन्हात रवंथ करत होता. मी त्याच्याकडे बघत होते, पण दिसत मला छापखानाच होता.

अकराच्या सुमाराला पोस्टमास्तर बाहेर आले. उत्तराच्या तारेचा कागद माझ्या हातात देण्याआधी त्यांनी तो वाचलेला होता, आणि ते लपवायची त्यांना गरजही वाटली नाही. त्यावर एका ओळीत संपादकांचा निरोप होता: 'दुरुस्त्यांसह छापले. सावकाश या.'

सहा वर्षांच्या नोकरीत संपादकांनी माझ्यापाशी सावकाश हा शब्द कधी उच्चारलेला नव्हता. मी तो कागद घडी घालून ब्लाउजात ठेवला आणि स्टँडकडे वळले, सवयीनं, बाराची गाडी गाठायला.

"बाई," पोस्टमास्तर मागून म्हणाले, "सायेब म्हंते सावकाश या. मंग पळून काऊन राह्यल्या?"

मी थांबले. खरंच, कशाला? बगीच्याकडे परत गेले. ढोले सर कालच्याच आळ्यात हात घालून माझ्या चपलांपैकी एक शोधत होते आणि ती काही सापडत नव्हती. त्यांच्या भावजय झोपडीच्या दारात उभ्या होत्या. मी त्यांना म्हटलं, आज जात नाही, परवा जाईन. त्यांनी का म्हणून विचारलंही नाही. पाटवड्यांसाठी डब्यातून बेसन काढलं, आणि रश्शाला मिरची किती चालेल तेवढंच विचारलं.